आठ फटी

मंगळवार, ४ मार्च

दादा,

आणि दुसरी गोष्ट. इतक्या सरळ रेषेत फटी पाडताना तुझा हात जरासुद्धा थरथरला नाही का? पहिली गोष्ट, तू माझं डिझाइन बिघडवलंस ही, मी शनिवारी तुझ्या तोंडावर बोलले. ती ऐकून तू थापी धुतलीस, पिशवीत टाकलीस आणि निघून गेलास. आता फोनही उचलत नाहीस. वहिनी म्हणते, "कागदावर लिहून पाठव, कागद वाचतो तो. फोन त्याला फक्त फरशीची मापं घ्यायला लागतो." म्हणून हे पत्र. माझं मराठी लिखाण कसं आहे ते तुला माहीत आहे, पण हसायचं नाही. मी प्रचंड चिडलेली आहे.

तीन महिने, दादा. तीन महिने मी हॉस्पिटलच्या त्या मधल्या चौकासाठी भांडले. सगळ्यात ज्युनिअर फिजिओथेरपिस्ट मी, नोकरीला वर्षही झालेलं नाही, तरी मीटिंगमध्ये उभी राहून बोलले. म्हटलं, आपले पेशंट कॉरिडॉरमध्ये भिंतीला धरून चालतात. बारा पावलं पुढे, बारा मागे, आणि समोर बघायला काय, तर आग विझवायचं लाल नळकांडं. त्यापेक्षा चौकात लॅबिरिंथ करू या. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी चौकात जिराफ बांधू या म्हटलंय.

तू तरी वेगळं काय केलंस? "चक्रव्यूह म्हणजे आत शिरून मरायचं तेच ना? आणि ते हॉस्पिटलात?" मी तुला शांतपणे समजावलं. चक्रव्यूह नाही, भूलभुलैयाही नाही. भूलभुलैयात वाटा खूप असतात, माणसानं चुकावं म्हणूनच तो केलेला असतो. लॅबिरिंथमध्ये वाट एकच. सात वेढे घेत घेत ती मध्यावर जाते, मध्यावर थोडं थांबायचं, आणि त्याच वाटेनं परत. ठरवायचं काही नाही, चुकायला जागा नाही, त्यामुळे डोकं हळूहळू बडबड थांबवतं. जगभर लोक प्रार्थनेसारखं चालतात हे. मी स्वतः कोर्स केला तेव्हा तिसऱ्या वेढ्यात रडले होते, का ते अजून माहीत नाही. तर तू काय म्हणालास? "मिडियम, चुकायचंच नसेल तर बघून कोण चालणार?"

इंग्लिश मीडियमला घातल्यापासून हेच नाव. चोवीस वर्षांची झाले मी.

बरं, चेष्टा कर, पण काम तरी सांगितलं तसं करायचं ना? आठ गोल पट्ट्या, दोन बोटं उंच, म्हणजे नजर अधू असली तरी पायाला कड लागेल. मी खडूनं आखून दिलं, तू दोरी धरलीस, चार दिवस आपण दोघं किती मजेत होतो. आणि शनिवारी सकाळी येऊन बघते तर मागच्या बाजूला आठही पट्ट्या कापलेल्या. चार-चार बोटांची फट, एकीपुढे एक, मध्यापासून थेट बाहेरच्या जाळीपर्यंत. आमच्या कोर्सच्या बाई शंभरदा सांगायच्या, रेषा अखंड हवी. रेषा तुटली की ती एकच वाट राहिली कुठे?

ऑफिसला मी फक्त एवढंच कळवलंय की काम डिझाइनप्रमाणे झालेलं नाही. नवा गवंडी उद्या येऊन फटी बुजवणार आहे. सोमवारी उद्घाटन. तू येणार नाहीस हे मी धरून चालले आहे.

तरीही तुझी,
बहीण


शुक्रवार, १४ मार्च

दादा,

दहा दिवस झाले. दोन ओळींचं उत्तर लिहायला कुठे कोबा करायचा असतो?

वहिनीचा फोन आला होता. ती म्हणाली, तू घरी एवढंच बोललास, "मी सांगितलं होतं तिला." हे वाक्य माझ्या डोक्यात गेलंय. काय सांगितलं होतंस? मोठा आव आणून बसवून सांगितलंस का? तू उकिडवा बसून सांध्यांत ग्राउट भरत होतास, तोंडात पेन्सिल, आणि म्हणालास, "पाणी कुठं जाणार याचं?" बस. हे सांगणं झालं? मी म्हटलं, "दादा, प्लीज, हे स्पिरिच्युअल आहे." तू पेन्सिल काढलीस, माझ्याकडे बघितलंस, परत तोंडात घातलीस. त्याला मी होकार समजले. कोणीही समजलं असतं.

असो. तुला ऐकायचं नसलं तरी ऐक. लॅबिरिंथ चालतोय. फटी बुजल्यावर इतका देखणा झालाय की वरच्या मजल्यावरून पेशंट खिडकीला नाक लावून बघतात.

एक शिंपीकाका आहेत आमच्याकडे. पक्षाघातानं डावी बाजू गेलेली. चाळीस वर्षं दुसऱ्यांची मापं घेतली आणि आता स्वतःचं पाऊल मोजून टाकावं लागतं, म्हणून सगळ्या जगावर संताप. कॉरिडॉरमध्ये चौथ्या पावलाला काठी आपटायचे. मंगळवारी त्यांना आत सोडलं. काकू मागून चालत होत्या, हात पसरून, मांजर पकडायला निघाल्यासारख्या. पहिले दोन वेढे काका मला शिव्या देत होते. तिसऱ्यात गप्प झाले. सव्वीस मिनिटं लागली. मध्यावर पोचले, उभे राहिले, बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "आता?"

मी म्हटलं, "आता परत."

"आलो तसाच?"

"आलात तसेच."

"मग आलो कशाला?"

मागून काकू म्हणाल्या, "एवढं चाललात ते कोणामुळे? परत या आता, चहा गार होतोय." आणि ते परत आले, दादा. एकदाही काठी न आपटता. मी औषधांच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं रडून घेतलं.

आणि पेशंटचं सोड, आमच्या सफाईच्या मावशी. रोज सकाळी चौक धुऊन झाला की त्या लॅबिरिंथमध्येच असतात. चाळीस-चाळीस मिनिटं. एकेका वेढ्यातून इतक्या सावकाश, वाकून, खाली नजर लावून जातात की हाक मारायची हिंमत होत नाही. ज्या बाईला आयुष्यात कोणी ध्यान हा शब्द सांगितला नसेल, तिला ते आपोआप कळलंय. मी लांबून फोटो काढला. आमचे अ‍ॅडमिनसाहेब (यांना सगळे लॅमिनेटसाहेब म्हणतात, दिसेल त्या कागदाला प्लॅस्टिक चढवतात) त्यांनी तो मोठा करून रिसेप्शनला लावलाय. खाली लिहिलंय, "शांततेचा शोध".

वहिनी असंही म्हणाली की ठेकेदारानं तुला नव्या इमारतीच्या कामावर दुसऱ्या गावी पाठवलंय. म्हणजे मोठं काम मिळालं. अभिनंदन. बहिणीला सांगावंसं वाटलं नाही, ठीक आहे.

तुझी बहीण


गुरुवार, ३ एप्रिल

दादा,

काल मावशी पडल्या. लॅबिरिंथमध्ये, मागच्या बाजूला, चौथ्या आणि पाचव्या पट्टीच्या मध्ये. मनगट मोडलंय. तिथल्या तिथे प्लास्टर झालं, हॉस्पिटलातच पडल्या म्हणून, नाहीतर घरी जाऊन हळद लावून बसल्या असत्या.

मी कॅज्युअल्टीत धावत गेले. हात गळ्यात अडकवून स्टुलावर बसलेल्या, आणि मलाच म्हणतात, "तू जेवलीस का?"

मी म्हटलं, "मावशी, तिथे इतक्या सावकाश चालता तुम्ही रोज, आणि पडलात कशा?"

"चालत कुठली? पाणी काढते."

"कसलं पाणी?"

"अगं, पाईपनं चौक धुतला की सगळं पाणी त्या गोलांत तुंबतं. आधी एक ढकला मारला की गटाराच्या जाळीत जायचं. आता वायपर त्या पट्ट्यांवरून जातच नाही. मग फडकं घ्यायचं, एकेका गोलातून टिपायचं, बादलीत पिळायचं. राहिलं तर शेवाळ धरतं. काल थोडं राहिलं, त्यावरूनच पाय गेला."

तीन आठवडे, दादा. ती साठीला आलेली बाई तीन आठवडे रोज सकाळी वाकून माझ्या लॅबिरिंथमधलं पाणी फडक्यानं टिपत होती आणि मी तिचा फोटो काढून शांततेचा शोध म्हणून लावला. रिसेप्शनला. मला वाटत होतं, ती वाकते ती तल्लीन होऊन.

मी विचारलं, "मला सांगितलं का नाही?" त्या म्हणाल्या, "तू इतकी खूश होतीस." मला त्यांचाही राग आला. खूश होते म्हणून सांगायचं नाही? अशी कशी माणसं तुम्ही? तू पेन्सिल तोंडात घालतोस, ह्या फडकं पिळतात, आणि मी मध्ये नाचत असते, कोणी मला धरून गदागदा हलवत नाही.

काल संध्याकाळी मी एक बादली पाणी घेऊन गेले आणि मधोमध ओतलं. तुम्ही गवंडी ज्याला ढाळ म्हणता तो उतार मला पहिल्यांदा दिसला. पाणी सगळं मागच्या बाजूला सरकलं, बरोबर जिथे तुझ्या फटी होत्या तिथे, आणि नव्या गवंड्याच्या सिमेंटला जाऊन थटलं. तू चार-चार बोटांचीच फट ठेवली होतीस. त्यातून पाऊलसुद्धा गेलं नसतं. चालणाऱ्याची वाट तू कुठेच तोडली नव्हतीस. आणि तसं बघितलं तर दोन बोटं उंच पट्टी कोणालाही कधीही ओलांडता येते. शिंपीकाकांना येते. तरी ते ओलांडत नाहीत, वाटेनंच जातात. म्हणजे वाट पट्टीमुळे राहतच नव्हती, चालणाऱ्यामुळे राहत होती. हे मला कोर्समध्ये कळायला हवं होतं, त्यासाठी एक मनगट मोडावं लागलं.

आणि आज सकाळी लॅमिनेटसाहेबांचा अहवाल आला. अपघाताचं कारण: "मूळ मिस्त्रीने पाण्याचा उतार न ठेवता केलेले सदोष काम."

मूळ मिस्त्री म्हणजे तू.

मी नुसती पेटले आहे. ढाळ देणारा सदोष, बुजवणारा निर्दोष? मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. ते म्हणाले, "मॅडम, हे मी माझ्या मनानं नाही लिहिलं. आमच्याकडे तसा लेखी पुरावा आहे."

पुढचं उद्या लिहिते.


शनिवार, ५ एप्रिल

दादा,

काल लिहिता आलं नाही. लिहिता येत होतं, लिहिलं नाही.

लेखी पुरावा म्हणजे माझी मेल. एक मार्चची. तू पिशवी उचलून गेलास त्यानंतर पंधरा मिनिटांत मी ती पाठवली होती, उभ्या उभ्या, फोनवरून. तुला लिहिलं होतं की फक्त एवढंच कळवलंय, काम डिझाइनप्रमाणे नाही. ते खोटं होतं. मेलमध्ये चार ओळी आहेत, इंग्रजीत. त्यांचा अर्थ असा: या मिस्त्रीला डिझाइन समजत नाही. त्यानं सूचना धुडकावून काम बिघडवलं. मटेरियल वाया घालवलं. पुढे याला कोणतंही काम देऊ नये.

तू माझा भाऊ आहेस हे मी त्यात लिहिलं नाही.

ती मेल लॅमिनेटसाहेबांनी तशीच ठेकेदाराला पाठवली. आज मी वहिनीला खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं. तुला मोठं काम वगैरे काही मिळालेलं नाही. नव्या इमारतीच्या पाचही मजल्यांची फरशी तुझ्याकडे होती, ती काढून घेतली. तू तिथे सिमेंट-वाळूचा माल कालवतोस. ज्यांना तू ओळंबा धरायला शिकवलास त्यांच्या हाताखाली. आणि मालात पाणी ओततोस म्हणून ते तुला 'पाणीवाले मिस्त्री' अशा हाका मारतात.

"आणि तो काही बोलत नाही?" मी विचारलं.

"काय बोलणार?" वहिनी म्हणाली. "इंग्लिशमध्ये काय लिहिलं होतं ते त्याला कळलं असतं तर बोलला असता. ठेकेदारानं एवढंच सांगितलं, हॉस्पिटलातून तक्रार आली. कोणाची, ते त्यानं विचारलं नाही."

तू विचारलं का नाहीस? मला याचा इतका राग येतोय, दादा, की तू समोर असतास तर मी तुझी पिशवी फेकून दिली असती. वीस वर्षांत तुझ्या हातची एक फरशी कधी पोकळ वाजली नाही, आणि कोणीतरी म्हणतं हा बिघडवतो, आणि तू फावडं उचलतोस? तुला अंदाज आला होता ना माझाच हात असेल म्हणून? म्हणून नाही विचारलंस? असलं मोठेपण नको आहे मला. त्यापेक्षा दोन थोबाडीत मारायच्या.

सोमवारी मीटिंग आहे. मी बोलणार आहे.


मंगळवार, ८ एप्रिल

दादा,

बोलले.

टेबलाभोवती सात जण. मी उभी राहिले आणि सांगितलं: उतार मिस्त्रीनं ठेवला होता. आठ फटी होत्या, त्या मी बुजवून घेतल्या. त्यानं पाण्याचं विचारलं होतं, मी ऐकलं नाही. तक्रारीची मेल मी रागात लिहिली, ती चुकीची आहे. आणि तो मिस्त्री माझा सख्खा भाऊ आहे.

मग लॅमिनेटसाहेब अगदी प्रेमानं म्हणाले, "मॅडम, भावाला वाचवायला बघताय, समजू शकतो आम्ही."

ऐकतोयस ना? खोटं लिहिलं तेव्हा चार ओळी पुरल्या. खरं बोलले तर म्हणे भावाला वाचवते. मी त्या सातही जणांना चौकात घेऊन गेले, पाईप हातात घेतला आणि पाणी सोडलं. साहेबांचे बूट भिजले. पाणी मागे जाऊन तुंबलं, सगळ्यांनी बघितलं. मग मी छिन्नी घेतली, आणि बाहेरून पहिल्या फटीतलं सिमेंट फोडलं. तीन घाव माझ्या बोटावर बसले, ते सोड. एका गोलातलं पाणी जाळीत गेलं, बाकीच्या सातांत उभं. हे बघून मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उरलेल्या सात पण उघडा. आणि रिपोर्ट बदला." साहेब बुटातलं पाणी निथळत म्हणाले, "रिपोर्टला लॅमिनेशन झालंय." त्या म्हणाल्या, "मग कात्री घ्या."

आठही फटी उघडल्या. मावशींचा फोटो मी उतरवला. त्यांना तीन आठवडे रजा आणि वर हॉस्पिटलनं चौकासाठी दुसरा माणूस ठेवायचा, हेही त्याच बैठकीत भांडून घेतलं. मावशी म्हणाल्या, "तू भांडतेस फार." मी म्हटलं, हो. शिंपीकाका आज सकाळी आत गेले. चौथ्या वेढ्यात फटीपाशी थांबले, काठीनं चाचपली, म्हणाले, "बटणाचं काज केलंय कोणीतरी, मापात." आणि पुढे गेले.

पण माझं काम इथे संपत नाही. माझा खुलासा मी ठेकेदाराला पाठवला, सही करून. संध्याकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, "ताई, कागद मिळाला, फाइलला लावतो." मी विचारलं, फरशीचं काम परत देणार का? तर म्हणाला, "देऊ की, पण पोरं आता त्याचं ऐकतील का? साइटवर सगळ्यांना माहीत आहे ना, तो बिघडवतो म्हणून."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की हाही कागद मी इंग्रजीतच लिहिलाय. तुझं नाव ज्या माणसांत खराब झालं त्यातला एकही तो वाचणार नाही. तो फाइलमध्ये पडून राहील आणि तू माल कालवत राहशील, आणि मी इथे म्हणत राहीन की मी माझं काम केलं.

म्हणून मी गुरुवारची रजा टाकलीये. सकाळच्या गाडीनं येऊन, जेवणाच्या सुट्टीत सगळे एकत्र बसतात तेव्हा उभी राहून तोंडानं सांगणार होते, मराठीत. बिघडवलं ते मी, ढाळ दिला तो यानं. तिकीट काढायला खिडकीपाशी जाऊन उभी पण राहिले. आणि माझा नंबर आला तेव्हा बाजूला झाले.

कारण मागच्या वेळीही मी अशीच उत्साहात सगळं ठरवून मोकळी झाले होते, तुला न विचारता. ती तुझी माणसं आहेत, तुझी साइट आहे. तिथे कसं बोलतात, काय चालतं, हे मला ठाऊक नाही. कदाचित मी आले तर ते हसायचे थांबतील. कदाचित आणखी हसतील, बघा, मिस्त्रीची वकिली करायला बहीण आली. मला खरंच कळत नाही, आणि या वेळी मला कळतं असं ढोंग मी करणार नाही.

हे पत्र वहिनी उद्या स्वतः घेऊन येणार आहे, तिच्याबरोबर उत्तर दे. एका शब्दाचं चालेल, पण दे. पेन्सिल तोंडातून काढून दे.

मी त्या सगळ्यांसमोर उभी राहून बोलले तर तुझी मान वर होईल, की बहिणीनं सोडवलं म्हणून आणखी खाली जाईल? तुला काय वाटतं?

तुझी,
मिडियम